पोखरण रोडवरची गिरणीची जमीन : रेमंडचा २०१९ सालचा निर्णय

कॅडबरी जंक्शनला हायवे सोडून पोखरण रोड नंबर एकला लागलं की जेकेग्राम येतं. ठाण्याच्या दोन-तीन पिढ्यांच्या लेखी हा पत्ता म्हणजे रेमंडची गिरणी, सिंघानिया शाळा आणि झाडांमागून जाणारी लांबच लांब भिंत. त्या भिंतीच्या आत आता टॉवर उभे आहेत. संध्याकाळच्या व्यवस्थापन वर्गात मी हे प्रकरण शिकवायला घेतो तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, जागा होती, बांधली, पैसे झाले. यात शिकण्यासारखं काय आहे?"

उत्तर माहीत असलं की प्रश्न सोपा वाटतो. म्हणून वर्गात आम्ही घड्याळ मागे नेतो. साल २०१९, महिने पहिले दोन-तीन. कंपनीच्या हातात ठाण्यात सुमारे १२५ एकर जमीन आहे. गिरणी बंद होऊन नऊ-दहा वर्षं झाली आहेत. कापडाचा धंदा चालू आहे, पण कर्जाचं ओझंही आहे. तुम्ही संचालक मंडळात बसला आहात. या जमिनीचं काय करायचं?

गिरणी कशी आली, कशी गेली

ठाण्याची लोकरी गिरणी १९२५ सालची. १९४४ मध्ये ती सिंघानिया कुटुंबाकडे आली. तेव्हा तिथे मुख्यतः ब्लँकेटं आणि स्वस्त लोकरी कापड निघायचं. पुढे सुटिंग आलं, १९५८ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये कंपनीचं पहिलं दुकान उघडलं, १९८६ मध्ये पार्क अव्हेन्यू हा तयार कपड्यांचा ब्रँड आला. लग्नात नवऱ्या मुलाला रेमंडचं सूटपीस देणं हा आपल्याकडे आहेराचा भाग होऊन बसला. ज्या घरात एरवी ब्रँड हा शब्दही कुणी उच्चारत नसे, त्या घरातही "रेमंडचं आणा" असं सांगितलं जायचं. पुढच्या निर्णयात या विश्वासाला किंमत आहे, म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो.

मधल्या काळात कंपनीचा पसारा वाढला होता. पोलाद होतं, सिमेंट होतं. २००० साली गौतम सिंघानिया अध्यक्ष झाले आणि त्याच सुमारास हे दोन्ही धंदे विकले गेले. सिमेंटचा लाफार्जने घेतला. म्हणजे आपला धंदा कोणता, हा प्रश्न कंपनीने एकदा स्वतःला विचारला होता आणि त्याचं उत्तर 'कापड' असं दिलं होतं. २०१९ च्या निर्णयाकडे पाहताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पोलाद आणि सिमेंट सोडून कापडावर लक्ष एकवटलेली कंपनी वीस वर्षांनी अशा धंद्यात उतरणार होती, जिथे पोलाद आणि सिमेंट विकत घ्यावं लागतं.

गिरणी मात्र ठाण्यात परवडेनाशी झाली. जळगाव, छिंदवाडा आणि २००६ मध्ये वापी, असे कारखाने इतरत्र उभे राहिले. २००९ मध्ये ठाण्यातलं उत्पादन थांबलं. नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा १९७६ चा. महाराष्ट्राने तो नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला. यामुळे गिरणी बंद झाली असं मी म्हणत नाही. पण हा कायदा असेपर्यंत शहरातल्या मोठ्या मोकळ्या जमिनीचा हिशेब मालकाला मोकळेपणाने मांडता येत नव्हता आणि तो गेल्यावर येऊ लागला, एवढं तरी विद्यार्थ्यांच्या वहीत असावं.

शेजारच्यांनी काय केलं

या प्रश्नापुढे उभी राहिलेली रेमंड ही ठाण्यातली एकटी कंपनी नव्हती. औषधं, रंग, रसायनं, बेअरिंग यांच्या कारखान्यांनी हे शहर वाढवलं आणि एकेक करून ते उठले. दोन व्यवहार तुलनेला घेण्यासारखे आहेत. क्लॅरियंटने कोलशेतची सुमारे ८७ एकर जमीन २०१४ मध्ये लोढा समूहाला १,१५४ कोटी रुपयांच्या आसपास विकली. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने आपली ६० एकर जमीन ओबेरॉय रिअॅल्टीला ५५५ कोटींना द्यायचं २०१६ च्या अखेरीस ठरवलं. भागाकार केला तर पहिल्यात एकरी सव्वातेरा कोटी आणि दुसऱ्यात सव्वानऊ कोटी पडतात.

हे आकडे फळ्यावर लिहिले की वर्गात लगेच भाव ठरवायला सुरुवात होते. तिथे मी थांबवतो. एकराचा भाव म्हणजे कांद्याचा भाव नव्हे. जमिनीवर कोणत्या परवानग्या आहेत, वापर बदलायला किती अधिमूल्य, म्हणजे सरकारला द्यायची जादा रक्कम, भरावं लागेल, रस्ता किती रुंद आहे, वाटेत आरक्षणं किती, पैसे एकरकमी मिळणार की हप्त्यांनी, या सगळ्यावर तो फिरतो. तुलनेतून कळतं ते वेगळंच. रसायनं आणि औषधं करणाऱ्या या दोन्ही कंपन्यांनी जमीन विकली आणि त्या मूळ धंद्याकडे वळल्या. घरं बांधणं हे आपलं काम नाही, असं त्यांनी ठरवलं. हा निर्णयही शहाणपणाचा आहे आणि पुष्कळ संचालक मंडळं डोळे मिटून तोच घेतील.

चार वाटा

पहिली वाट, सगळी जमीन एकदम विकून कर्ज फेडणं. दुसरी, एखाद्या मोठ्या बिल्डरबरोबर भागीदारी. जमीन आपली, बांधकाम त्याचं, विक्रीत वाटा. तिसरी, स्वतः बांधणं. चौथी, काहीच न करता थांबणं.

चौथीवर फार वेळ घालवायची गरज नाही. दहा वर्षं थांबून झालं होतं. पडून राहिलेली जमीन व्याज देत नाही आणि कर्ज मात्र व्याज घेतच राहतं.

पहिल्या वाटेचं आकर्षण मोठं आहे. शिवाय तिच्यामागे कारभाराचाही एक मुद्दा होता. जून २०१७ मध्ये, दक्षिण मुंबईतल्या जेके हाउसमधली घरं बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दराने प्रवर्तक कुटुंबातल्या व्यक्तींना देण्याचा ठराव भागधारकांपुढे आला होता आणि त्यांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला होता. कंपनीच्या मालकीच्या स्थावर मालमत्तेवर छोट्या भागधारकाचंही लक्ष असतं, हे त्या मतदानाने दाखवलं. अशा वातावरणात उघड व्यवहारात, तिऱ्हाइताला, चांगल्या भावाने जमीन विकणं हा सर्वांत स्वच्छ मार्ग. त्यावर कुणी बोट ठेवू शकलं नसतं.

मग तो का नाही घेतला? इथे आम्ही एक छोटा हिशेब करतो. आकडे वर्गापुरते धरलेले आहेत, कंपनीच्या हिशेबातले नाहीत. समजा आज एकराला ३५ कोटी मिळतात आणि आपल्या पैशाचा खर्च वर्षाला १४ टक्के आहे. आठ वर्षं थांबून स्वतः बांधायचं असेल, तर त्या एकरातून आठ वर्षांअखेर निव्वळ किती हाती यायला हवेत? ३५ ला १.१४ ने आठ वेळा गुणलं की जवळपास १०० कोटी होतात. त्याहून कमी मिळणार असतील तर आजच विकलेलं बरं. हे पाहून निम्मा वर्ग विक्रीच्या बाजूने जातो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की बांधकामाचे पैसे आठव्या वर्षी एकदम येत नाहीत. पायथ्यापासून स्लॅबागणिक ग्राहकाचे हप्ते येत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पैसा फिरू लागला तर लागणारा आकडा १०० कोटींच्या खूप खाली येतो. शिवाय जमीन स्वतःची असल्यामुळे बिल्डरच्या डोक्यावरचा सर्वांत मोठा खर्च, म्हणजे जमिनीचं भांडवल आणि त्यावरचं व्याज, इथे नाही.

नेमकी हीच गोष्ट २०१९ च्या सुरुवातीला निर्णायक होती. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तसंस्थेने देणी थकवली आणि बिगर-बँक वित्तसंस्थांचा पैसा आटला. या संस्थांच्या कर्जावर चालणारे बिल्डर अडचणीत आले, प्रकल्प रखडले. घर घेणारा माणूस धास्तावलेला होता: हप्ते भरतोय, भाडंही भरतोय, ताबा मिळेल का? रेरा या घरबांधणी नियमनाच्या कायद्याने २०१७ पासून ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचं आणि काम होईल तसंच काढायचं बंधन घातलं होतं. ग्राहकाचा पैसा फिरवून दुसरीकडे जमीन घेण्याची जुनी रीत त्यामुळे बंद झाली. या बंधनाने ज्याचं काहीच बिघडत नव्हतं असा खेळाडू कोण? ज्याच्याकडे जमीन फुकटात आहे आणि जो दुसरीकडे जमीन घ्यायला निघालेला नाही तो. बाजार पडलेला असताना रेमंडसारख्या नवख्याला आत शिरायला दार उघडं होतं ते यामुळे. तेजी असती तर अनुभवी बिल्डरांच्या गर्दीत त्याला कुणी विचारलंही नसतं.

दुसरी वाट, भागीदारीची, कागदावर सगळ्यांत समतोल दिसते. माझं मत तिच्या विरोधात आहे. भागीदाराच्या हाती बांधकाम गेलं की वेळापत्रक त्याचं होतं, आणि २०१९ मध्ये भागीदारच रोख रकमेसाठी तडफडत होते. त्याचा दुसरा प्रकल्प अडकला तर तुमच्या जमिनीवरचे मजूर तिकडे जातात. आणि दहा वर्षांनी काम संपलं की घर बांधण्याचं ज्ञान भागीदाराकडे राहतं, तुमच्याकडे फक्त पैसे. हे शेवटचं वाक्य या प्रकरणाचा कणा आहे असं मला वाटतं.

जे ठरलं

कंपनीने तिसरी वाट धरली, पण तिच्यात पहिलीचा एक तुकडा मिसळला. २०१९ च्या सुरुवातीला रेमंड रिअॅल्टीची घोषणा झाली. पहिला प्रकल्प टेन एक्स हॅबिटॅट, सुमारे १४ एकरांवर १० टॉवर, मुख्यतः एक आणि दोन बीएचके. आलिशान घरांपासून सुरुवात केली नाही, हे लक्षात घ्यावं. नव्या बिल्डरला आधी हवी असते भराभर विक्री आणि वेळेवर ताबा. नफ्याचं प्रमाण नंतर वाढवता येतं. कळवा-डोंबिवलीतून मोठ्या घरासाठी पुढे सरकू पाहणारं, नाहीतर मुलुंडला परवडत नाही म्हणून चेकनाक्याच्या इकडे पाहणारं कुटुंब हा त्या वेळचा खरा ग्राहक होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २० एकरांचा एक तुकडा झँडर समूहाच्या व्हर्च्युअस रिटेलला ७०० कोटींना विकल्याचं जाहीर झालं. एकरी ३५ कोटी. वर्गातला आकडा मी तिथूनच उचलला आहे. या व्यवहारात मला सर्वांत आवडतो तो खरेदीदार. व्हर्च्युअस रिटेल मॉल बांधते, घरं बांधत नाही. म्हणजे रोख रक्कम कर्जफेडीला मिळाली आणि शेजारी घरं विकणारा स्पर्धकही उभा राहिला नाही. उलट बाजूला मॉल येणार म्हटलं की उरलेल्या जमिनीवरच्या घरांची मागणी वाढणारच. तुकडा कोणता विकावा आणि कुणाला विकावा, यात जे डोकं लागलं ते एकूण भावापेक्षा मोठं आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कपड्यांचा धंदा वेगळा काढायची योजनाही जाहीर झाली. आणि चार महिन्यांनी टाळेबंदी आली.

जे कुणी ठरवलं नव्हतं

लग्नं थांबली, कचेऱ्या घरी आल्या, सूट कुणाला लागणार? २०१९-२० मध्ये साडेसहा हजार कोटींच्या आसपास असलेली समूहाची उलाढाल पुढच्या वर्षी निम्म्याच्या जवळ घसरली आणि सुमारे ३०० कोटींचा तोटा झाला. विभाजनाची ती योजना २०२१ मध्ये मागे घेतली गेली.

घरांचं मात्र उलटं झालं. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत मुद्रांक शुल्कात सवलत दिली, पहिले चार महिने तीन टक्के आणि पुढचे तीन महिने दोन टक्के. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आणि ठाण्यासारख्या शहरांत त्याच जमिनीवर जास्त बांधकाम बसू लागलं. जानेवारी २०२१ मध्ये बांधकाम अधिमूल्यात निम्म्याने सवलत मिळाली. घरकोंडीतून सुटलेल्या कुटुंबांना एक खोली जास्त हवी होती. टेन एक्सचे पहिले तीन टॉवर महारेराकडे दिलेल्या मुदतीच्या सुमारे दोन वर्षं आधी पूर्ण झाले.

हे सगळं नशीब होतं का? मुद्रांक शुल्काची सवलत नशीबच, तिचं श्रेय कुणा अध्यक्षाला देता येणार नाही. पण नशिबाला येऊन बसायला जागा ठेवावी लागते. सगळी जमीन २०१९ मध्ये विकली असती तर नव्या नियमावलीने वाढवून दिलेलं बांधकाम खरेदीदाराच्या पदरात पडलं असतं. सगळी जमीन एकदम बांधायला काढली असती तर टाळेबंदीत पैसा अडकून कंपनी बुडाली असती. थोडी विकली, थोडी बांधायला घेतली, बाकीची राखून ठेवली; त्यामुळे प्रत्येक नव्या नियमानंतर पुढच्या टप्प्याचा विचार नव्याने करता आला. टप्प्याटप्प्याने जाण्याचं खरं मोल तेवढंच आहे, आणि ते ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

२०२३-२४ पर्यंत रिअॅल्टीची वर्षाची उलाढाल १,५०० कोटींच्या वर गेली. एप्रिल २०२३ मध्ये पार्क अव्हेन्यू डिओडरंटसह ग्राहकोपयोगी वस्तूंचा धंदा गोदरेज कन्झ्युमरला २,८२५ कोटींना विकायचं ठरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कपड्यांचा धंदा रेमंड लाइफस्टाइल म्हणून शेअर बाजारात वेगळा नोंदला गेला; जुन्या पाच शेअरमागे नव्या कंपनीचे चार मिळाले. १ जुलै २०२५ ला रेमंड रिअॅल्टीही वेगळी नोंदली गेली, एकास एक. मूळ कंपनीत अभियांत्रिकीचा धंदा उरला.

कामगाराची ओळ

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने माझ्या मांडणीतली मोठी चूक दाखवली. ती वागळे इस्टेटमध्ये नोकरी करून वर्गाला यायची. चार वाटांचा तक्ता फळ्यावर होता. स्तंभ होते रोख रक्कम, जोखीम, वेळ, कौशल्य. तिने विचारलं, "सर, यात गिरणीतल्या माणसांचा स्तंभ कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिरणी २००९ मध्ये बंद झाली, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली गेली. कायद्याच्या आणि हिशेबाच्या भाषेत तो विषय तिथे संपला होता. म्हणून माझं प्रकरणही २०१९ मध्ये, मोकळ्या जमिनीपासून सुरू होत होतं. पण त्या जमिनीला आधी पत्ता आणि नंतर भाव मिळवून देणाऱ्यांत पाळीला येणारी ती माणसंही होती. मुंबईत कापड गिरण्यांच्या जमिनीसाठी वेगळा नियम झाला आणि १९८२ च्या संपानंतर देशोधडीला लागलेल्या कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी वर्षानुवर्षं घरांची मागणी लावून धरली. त्या घरांसाठी सोडती निघाल्या, अपुऱ्या आणि उशिरा का होईना. तो नियम बृहन्मुंबईपुरता होता. मुलुंड चेकनाका ओलांडला की तो संपतो.

त्या दिवसापासून मी तक्त्यात पाचवा स्तंभ घालतो आणि विद्यार्थ्यांना लेखी उत्तर मागतो: बंद पडल्यावर दहा वर्षांनी जमिनीची किंमत वाढली, तर बंद पडताना केलेल्या करारात त्या वाढीचा काही वाटा राखून ठेवता आला असता का? कसा? काही जण स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेला जमिनीच्या भावी विक्रीशी जोडणारं कलम लिहितात. काही जण कामगारांच्या मुलांसाठी घरांच्या किमतीत सवलत सुचवतात. एकाने हिशेब करून दाखवलं की एका एकराच्या विक्रीतून काय काय करता आलं असतं. यातलं कुठलंच कायद्याने बंधनकारक नव्हतं. पण धोरण म्हणजे फक्त बंधनकारक गोष्टींची यादी असं मी तरी शिकवू शकत नाही.

आता पुढचा पेपर

ठाण्याची जमीन संपणारी आहे. ती एकदाच फुकट मिळाली. रिअॅल्टी कंपनीने म्हणून मुंबईत सोसायट्यांचा पुनर्विकास आणि संयुक्त विकासाचे प्रकल्प घ्यायला सुरुवात केली. पहिला वांद्रे पूर्वेचा. तिथे जमीन विकत घ्यावी लागत नाही, पण सोसायटीच्या सभासदांना मोठी घरं, बांधकाम होईपर्यंतचं भाडं आणि कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, द्यावा लागतो. शंभर-दीडशे सभासद, त्यांचे गट, त्यांचे वकील, न संपणाऱ्या सर्वसाधारण सभा. पोखरण रोडवर मालक एकच होता आणि निर्णय एका बैठकीत होत होता.

म्हणून या वर्षी परीक्षेतला प्रश्न मी असा दिला आहे. समजा तुम्ही रेमंड रिअॅल्टीचे भागधारक आहात. पुढची पाच वर्षं तुम्ही एकूण नफा पाहणार नाही. फक्त ठाण्याबाहेरच्या प्रकल्पांतला नफा आणि त्यांचे ताबे वेळेवर मिळतात की नाही हे पाहणार आहात. मुदतीच्या दोन वर्षं आधी चावी देण्याची जी सवय जेकेग्राममध्ये लागली, ती वांद्र्याच्या सोसायटीत टिकली तर २०१९ मध्ये कंपनीने काय कमावलं याचं उत्तर तुम्हाला मिळेल. नाही टिकली, तर कोणत्या वर्षी, कोणत्या आकड्यावरून तुम्ही शेअर विकाल, ते कारणासह लिहा. उत्तरपत्रिका शनिवारी गोळा करणार आहे.